सतरा नंबरचा फोटो

सारजाचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला होता, आणि तोही सरकारनं काढलेला. मतदानाच्या ओळखपत्रासाठी सगळ्या गावाला शाळेत रांगेनं उभं केलं होतं, तेव्हाचा. फोटोवाल्याला घाई आणि सारजाला धाक. डोळे अर्धे मिटलेले, पदर कपाळावर ओढलेला आणि चेहरा असा, की कुणीतरी नुकतीच हिची कोंबडी पळवली असावी. हा फोटो पुढं आपल्या चाळीस वर्षांच्या संसाराचा निकाल लावायला बसणार आहे हे ठाऊक असतं, तर तिनं निदान डोळे तरी नीट उघडे ठेवले असते.

गोष्ट सत्त्याण्णव सालातली. लोणी देवकरला कारखान्यांचे पत्रे संपतात आणि उसाची रानं सुरू होतात, तिथं आबाजी आणि सारजाचं घर. एके काळी आबाजींच्या मागं मेंढरांचा मोठा कळप चालायचा. कळप जाऊन वीस वर्षं झाली. रान भिजायला लागलं, मुलगा शंभूराज कंपनीत लागला, सून सुकन्या बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. आबाजींचा आवाज मात्र माळावरच्याच मापाचा राहिला. घरात बसून त्यांनी पाणी मागितलं, तर शेजारच्या रानातला गडी तांब्या घेऊन यायचा.

त्या आवाजावरच घाला आला. संक्रांतीनंतर एका सकाळी शेळ्यांना पाला टाकता टाकता आबाजी खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवा हात, उजवा पाय लुळा. अंगावरनं वारं गेलं. बारामतीच्या डॉक्टरांनी जीव राखला. दोन महिन्यांत काठी धरून पाय उचलायला लागला, पण जीभ काही वळेना. 'हां' आणि 'अं', एवढ्या दोन अक्षरांवर सगळा कारभार येऊन ठेपला.

"डोस्क्याच्या डाव्या अंगाला बोलायचं ठिकाण असतंय," शंभूराजनं डॉक्टरांचं म्हणणं आईला सांगितलं. "तितं रगात पोचलं न्हाय, म्हनून बोलणं अडलंय."

"मग कवा सुटंल?"

शंभूराज बुटाची नाडी बांधत बसला. त्याला ते माहीत नव्हतं.

माहीत असेल तर एका यंत्राला, असं कळलं. बारामतीच्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी पुण्याहून एक बाई येणार होत्या, वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. जागा बारा, आणि नावं आली होती एकोणीस. कुणाला घ्यायचं हे ठरवायला दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता. त्याची कारभारीण अश्लेषा नावाची तरुण मुलगी. मूळची वालचंदनगरची, वडील रघुनाथराव तिथल्या कंपनीत नकाशे काढायचे. ही पुण्यात राहून माणसाच्या मेंदूचा अभ्यास करत होती.

त्या खोलीत पाऊल टाकायचं तर चपला बाहेर. सारजानं चपला काढल्या आणि त्या झाकलेल्या पेटीला हातही जोडले. कुणाच्या हातात काय असेल, काय सांगावं.

तपासणी अशी होती: एका वहीत वीस चित्रं आणि फोटो चिकटवलेले. आधी गाय, तांब्या, चंद्र असली साधी चित्रं, मग घरच्या माणसांचे फोटो. प्रत्येकाचं नाव सांगायचं आणि ते टेपवर घ्यायचं. घरच्यांनी आत थांबायचं नाही, कारण घरचे मधेच उत्तर सांगतात. सारजाला बाहेरच्या बाकावर बसवलं. ती तासभर समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता बघत बसली, आणि आत सतराव्या पानावर तिचा तो कोंबडी हरवलेला फोटो आबाजींच्या पुढ्यात आला.

आठवड्यानं शंभूराज कागद घेऊन आला. एकोणीस जणांत आबाजींचा नंबर अठरावा. सुकन्यानं कागद मोठ्यानं वाचायला घेतला आणि एका ओळीवर तिची जीभ अडखळली. पण सारजाचे कान तिखट.

"काय लिवलंय?"

"काय न्हाय, आत्याबाय."

"वाच."

"जवळच्या व्यक्तींची ओळख," सुकन्यानं खाली बघत वाचलं, "नाही."

सारजानं चुलीवरचा तवा उतरवला. मग पुन्हा चढवला. जागा मिळाली नाही याचं तिला काही वाटलं नाही, असं नाही. पण तिला खुपत होतं ते दुसरंच. बोलणं गेलं तर गेलं, हातवाऱ्यांवर भागेल. पण त्यांच्या डोक्यातनं आपणच गेलो असू, तर मग ही चाळीस वर्षं आपण राहिलो कुठं?

पहिल्या दिवशी तिनं सगळा दोष फोटोवर ढकलला. असल्या फोटोत तिला तिच्या आईनंसुद्धा ओळखलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी मन मानेना. मग सारजानं स्वतःची प्रयोगशाळा मांडली. पुण्याला न जाता, फुकटात.

पहिला प्रयोग भाकरीचा. आबाजींना रोज ती भाकरी कुस्करून द्यायची. त्या दिवशी ती दाराआड लपली आणि ताट सुकन्याच्या हाती पाठवलं. आबाजींनी निमूट खाल्लं, वर आणखी कालवण मागितलं. दाराआड सारजाचं तोंड एवढंसं झालं. दुसरा प्रयोग लुगड्याचा. सुनेची फुलाफुलांची साडी नेसून ती पाठमोरी अंगणातनं गेली. आबाजी म्हणाले, "हां." आता या 'हां'चा अर्थ काय लावायचा? 'ही आमची बायको' की 'साडी बरी आहे'? तिसऱ्या दिवशी ती सांगून न सवरून अर्धा दिवस शेजारी जाऊन बसली, आपल्याला शोधतात का बघायला. परत येऊन बघते तर आबाजी गाढ झोपलेले. झोपलेला माणूस बायकोला ओळखतो की नाही, हे कुठल्याच शास्त्रात बसेना.

तीन दिवसांच्या संशोधनातनं काहीही सिद्ध झालं नाही. सारजा उसाच्या बांधावर बसली आणि मोकळेपणी रडली.

गुरुवारी अश्लेषा घरी आली. यंत्राला एकाच तपासणीवर भरवसा नसतो, म्हणून एकोणीस घरं फिरून ती दुसरी तपासणी करत होती. पुढच्या मंगळवारी शेवटची यादी लागायची होती. तिनं ओसरीत टेप मांडला, वही काढली आणि गोड आवाजात सांगितलं, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"ह्ये माजं घर हाय," सारजा म्हणाली. "माज्या घरात मी भाईर बसू व्हय? तोंड उघाडनार न्हाय, मग तर झालं?"

अश्लेषानं जरा विचार केला आणि मान हलवली. सुकन्याही चौकटीला टेकून उभी राहिली.

गाय झाली. आबाजींनी घाम गाळून 'गा' एवढं काढलं. तांब्या आला नाही. चंद्र आला नाही. शंभूराजच्या फोटोला "शं... शं..." झालं. नात छकुली, तिच्या फोटोला 'छ' आला आणि आबाजी हसले. सुनेच्या फोटोला त्यांनी सुकन्याकडं बोट केलं. अश्लेषा वहीत अर्धा, पाव, शून्य असे आकडे टाकत होती. मग सतरावं पान उलटलं.

"आबा, ही कोण? नाव सांगा."

आबाजींनी फोटो पाहिला. मग मान वळवून कोपऱ्यात बसलेल्या सारजाकडं पाहिलं. मग दारातल्या सुनेकडं. त्यांचे कान लाल झाले, मान खाली गेली, पटक्याचा शेव तोंडाशी आला, आणि ते भिंतीकडं तोंड करून बसले.

अश्लेषानं घड्याळात बघून पंधरा सेकंद वाट पाहिली आणि शून्य मांडलं.

सारजानं तोंड उघडणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो शब्द तिथंच संपला. आधी तिचा खांदा हलला, मग पदर तोंडात गेला, आणि मग ती अशी हसत सुटली, की गोठ्यातल्या दोन्ही शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"आगं पोरी, ह्ये लाजले!"

"काय?"

"लाजले गं, लाजले! माज्या म्होरं बसून तू त्यांना माजं नाव इचारतीस? आन् त्यांनी सांगायचं, सून दारात हुबी आसताना? ह्याच्यासाठी शून्य घातलंस व्हय त्यास्नी?"

अश्लेषाचा पेन हवेत राहिला. "आजी, आबांनी याआधी कधी तुमचं नाव..."

"कवाच न्हाय! 'आगं ए', न्हायतर 'शंभूची आय'. कळपासंगं हिंडत व्हतो तवा तर निस्ती शिट्टी. मेंढराला एक, मला दोन."

आबाजी भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "हां."

अश्लेषानं कपाळावर हात मारून घेतला. "माझी आईसुद्धा बाबांना 'अहो'च म्हणते. जन्मापासून ऐकतेय. रोजच्या कानावरचं, म्हणून लक्षातच आलं नाही."

मग तिनं सारजाला नीट समजावून सांगितलं. हे यंत्र कुणी शहाणं करून पाठवलेलं नव्हतं, ते शिकत होतं. निरनिराळ्या देशांतल्या दवाखान्यांनी आपापल्या शेकडो रुग्णांची माहिती फ्लॉप्यांवर भरून एकमेकांना दिली होती. कुणी कुठलं चित्र ओळखलं आणि वर्षभरानं कोण बोलायला लागलं, हे सगळं त्यात होतं. ते पुन्हा पुन्हा दाखवलं, की कुठल्या उत्तराला किती वजन द्यायचं, हे यंत्र आपलं आपणच ठरवतं. मेंदूत जसे धागे घट्ट होतात, तसंच काहीसं.

"आणि त्या लोकांमध्ये असं दिसलं, की ज्याला बायकोचं नाव सांगता आलं तो पुढं हमखास बोलला. ज्याला तेही आलं नाही, तो फारच गेलेला होता. म्हणून यंत्रानं सगळ्यात जास्त वजन सतराव्या, म्हणजे जोडीदाराच्या फोटोला दिलं."

सारजा विचारात पडली. "मंजी त्या मुलखातले बाप्ये बायकांची नावं घेत फिरत्यात?"

"दिवसभर."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

सारजाला त्या न पाहिलेल्या बायांचा थोडा हेवा वाटला. तसं ती बोलली मात्र नाही.

"आता खोड ते शून्य," ती म्हणाली.

"इथंच तर अडतंय," अश्लेषा म्हणाली. "'लाजले' असा रकाना त्या यंत्रात नाही. आणि डॉक्टरांना सांगावं, तर एकोणीसच्या एकोणीस घरचे म्हणतात, आमच्या माणसाला सगळं कळतं. टेपवर नाव आलं तर बोलता येईल. कधीच नाही का हो घेतलं? लग्नात तरी?"

चाळीस वर्षांमागचा एक फुफाट्याचा दिवस सारजाच्या डोळ्यांपुढं आला. नवरा-नवरी दारात, आणि नवऱ्याची दहा वर्षांची बहीण भामी दोन्ही हात पसरून दार अडवून उभी. नाव घे, मगच आत. आणि भुकेनं कावलेल्या आबाजींनी अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा उखाणा ठोकला होता.

"एकदा," ती म्हणाली. "दारात."

अश्लेषा एकदम सावरून बसली. शब्द शोधून बोलणं वेगळं आणि पाठ असलेलं, तालात म्हणायचं वेगळं, असं ती म्हणाली. गाणी, आरत्या, शिव्या कधी कधी दुसऱ्याच वाटेनं बाहेर येतात. सारजाला ते लगेच पटलं. मोठा पाट फुटला, की बाजूच्या छोट्या चारीनं पाणी घ्यावं लागतं, यात नवल ते काय.

दोघींनी तिथंच प्रयत्न केला. "आबा, उखाणा म्हणा की," अश्लेषानं विनवलं. सारजानं पहिली ओळ म्हणून दाखवली. आबाजी खाटेवर बसून हसले, रडवेले झाले, पण ओठ काही जुळले नाहीत. टेपवर नुसता शेळीचा आवाज आला.

संध्याकाळी धार काढताना सारजाच्या मनात विषय घोळत होता. सुकन्यानं शेळी नेहमीचा खुंटा सोडून भलतीकडंच बांधली होती आणि शेळी काही केल्या पान्हा सोडेना. सारजानं तिला ओढत जागेवर नेलं, खुंट्याला बांधलं आणि दुधाची धार लागली. तिनं चरवी खाली ठेवली.

"सुकन्या," तिनं हाक मारली, "भिगवणला निरूप धाड. म्हनावं, वन्संस्नी ऐतवारी बोलावलंय. दार अडवायला."

भामाबाई आता दहा वर्षांची राहिली नव्हती. पन्नाशीची झाली होती, आणि भिगवणला हायवेवर तिच्या घरच्यांचं हॉटेल होतं. आवाज भावाचाच. तिची हाक ऐकून ट्रकवाले ब्रेक मारतात, असं लोक म्हणायचे. रविवारी ती तळलेल्या चिलापीचं पुडकं घेऊन एसटीतनं उतरली आणि पहिला प्रश्न केला, "कुठलं दार?"

दार नवं होतं, घर सिमेंटचं झालं होतं. पण जुन्या घराचा लाकडी उंबरा आबाजींनी टाकू दिला नव्हता. नव्या चौकटीला तोच बसवून घेतला होता. भामाबाई त्या उंबऱ्यावर चढली, पदर खोचला आणि दोन्ही हात पसरले. आता नुसत्या हातांची गरज नव्हती, तिच्या अंगानंच दार भरलं होतं.

अंगणात अश्लेषा टेप घेऊन उभी. शंभूराज सुट्टीमुळं घरी. छकुलीला काहीतरी गंमत आहे एवढं कळलेलं, म्हणून ती नवा फ्रॉक घालून तयार. सुकन्यानं आबाजींना हात धरून अंगणात आणलं, शेजारी सारजाला उभं केलं आणि गालात हसत सासऱ्याच्या उपरण्याला सासूच्या पदराची गाठ मारली.

"काय गं ह्यो चावटपना!" सारजा म्हणाली. पण गाठ तिनं सोडली नाही.

दोघं दारापाशी आली. आबाजी एक पाय ओढत, सारजा त्यांच्या पावलाला पाऊल देत.

"दादा," भामाबाई गरजली, "नाव घे. मगच आत."

आबाजी बहिणीकडं बघून हसले. "हां."

"हां न्हाय. नाव."

आबाजींनी काठी पुढं केली आणि तिला बाजूला सारायला बघितलं. भामाबाई ढळली नाही. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि नुसतं "अं... अं..." बाहेर आलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढा मोठा गडी, उन्हात उभा राहून लेकरासारखा एकेका तोंडाकडं बघायला लागला. भामाबाईचे हात हळूहळू खाली यायला लागले.

"जाऊ दे, वैनी," ती म्हणाली, आणि तो हायवेवरचा आवाज पार बसला. "माज्याच्यानं बगवत न्हाय."

सारजा मात्र म्हणाली, "वन्सं, हात वर. दहा वर्साच्या व्हता तवा सोडलं न्हाय तुमी. त्यास्नी भूक लागली व्हती, तरी सोडलं न्हाय. आता काय म्हनून सोडता?"

भामाबाईनं नाक पुसलं आणि पुन्हा हात पसरले. "नाव घे, दादा. लई उशीर झालाय. वऱ्हाड खोळंबलंय."

ऊन डोक्यावर आलं होतं. घरातनं चिलापीचा वास येत होता. आबाजींचा पाय भरून आला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी सारजाच्या ओळखीची होती. या गड्याला अडवलेलं कधीच खपलं नाही. आबाजींनी काठी उंबऱ्यावर आपटली, एकदा, दोनदा, आणि त्या ठेक्यावर अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा तो जुना आवाज आला:

"मेंढरं चारली माळाला, पाणी पाजलं नीरेला,
सारजाचं नाव घेतो, सोड भामे दाराला!"

आबाजींनीच मागं वळून बघितलं, हे कोण बोललं म्हणून. मग त्यांना उमगलं आणि ते हसायला लागले. छकुलीनं टाळ्या पिटल्या. शंभूराजनं तोंड फिरवून डोळे पुसले. भामाबाई दार सोडायचं विसरून तिथंच रडत उभी राहिली, आणि अश्लेषा टेपवरचा लाल दिवा लागलाय ना, हे तीनतीनदा वाकून बघत होती. लागलेला होता.

सारजा खाली मान घालून उंबऱ्याकडं बघत होती. सोळाव्या वर्षी हे ऐकलं तेव्हा ती इतकी भ्याली होती, की धड ऐकलंच नव्हतं. आज तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं. आपलं नाव इतकं चांगलं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"सरा की आता," ती भामाबाईला म्हणाली. "मासं निवल्यात."

मंगळवारी बारामतीत डॉक्टरांनी ती टेप तीन वेळा ऐकली. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून, दुसऱ्यांदा खात्री करायला आणि तिसऱ्यांदा नुसतीच. अश्लेषानं तोवर सगळी घरं पुन्हा पालथी घातली होती. एकोणिसांपैकी चौदा जणांना सतराव्या फोटोवर शून्य होतं, आणि त्या चौदांपैकी एकानंही धडधाकट असताना उखाण्यावाचून जोडीदाराचं नाव घेतलं नव्हतं. त्यांतल्या बारामतीकडच्या कुंडलिकरावांची बायको छबूबाई तर म्हणाली, "नाव घेतलं असतं तर मीच डॉक्टरकडं नेलं असतं, डोकं फिरलं म्हनून."

अश्लेषानं तो प्रश्न सगळ्यांच्याच कागदांतनं काढला आणि यंत्राला पहिल्यापासून नव्यानं शिकवलं. आबाजींचा नंबर अठरावरून पाचावर आला. बाकीच्यांचेही गुण इतके वाढले, की डॉक्टरांनी पुण्याच्या बाईंना गळ घालून एकाच दिवशी दोन वर्ग लावले आणि एकोणीसही जणांना घेऊन टाकलं. मग अश्लेषानं सगळी माहिती फ्लॉपीवर भरून ज्या दवाखान्यांनी आपली माहिती दिली होती, त्यांना पाठवली. सोबत पत्रात लिहिलं, की आमच्याकडं सतराव्या फोटोला माणूस गप्प राहिला तर शून्य देऊ नका, आधी त्याच्या कानाचा रंग बघा. नव्या तक्त्यात तिनं एक रकाना वाढवला होता आणि त्यावर मराठीत 'लाजले' असं लिहिलं होतं. तो तक्ता तिनं सारजाला दाखवला. सारजाला वाचता येत नव्हतं, पण तिनं त्या शब्दावरनं बोट फिरवलं.

पुण्याच्या बाई हुशार निघाल्या. ज्या चारीनं पाणी आलं तीच रुंद करायची, असं त्यांनी ठरवलं. दर मंगळवारी आबाजी टेबलावर डाव्या हातानं ठेका धरायचे आणि उखाणा म्हणायचे. मग बाईंनी उखाण्याची पहिली ओळ काढली. मग 'सोड भामे दाराला' काढलं. मग 'नाव घेतो' काढलं. आषाढ सरता सरता एक शब्द तेवढा उरला, आणि तो आबाजींना ठेक्याशिवाय, केव्हाही, कुठंही म्हणता यायला लागला.

आता म्हणता यायला लागला म्हणजे काय, तो थांबेचना. दुसरे शब्द यायचे तेव्हा येतील, बाई म्हणाल्या, रस्ता मोकळा झालाय. तोवर आबाजींचा सगळा कारभार त्या एकाच शब्दावर चालू झाला. पाणी हवं, तर "सारजा." तंबाखू हवी, तर "सारजा." शेळी सुटली, "सारजा!" शंभूराज कंपनीतनं उशिरा आला, की त्याच्यावर डोळे वटारून "सारजा!" आणि आवाज पुन्हा तोच माळावरचा. चाळीस वर्षं जे नाव घरातल्या भिंतींनीही ऐकलं नव्हतं, ते लोणी देवकरच्या कंपन्यांमध्ये जाणाऱ्या पोरांना पाठ झालं.

"आज्जे," छकुलीनं विचारलं, "आबा सगळ्याला सारजाच का म्हनत्यात?"

"त्येंनाच इचार," सारजा म्हणाली. "गावात तोंड दावायला जागा ठेवली न्हाय मला."

ती असं प्रत्येकाला सांगायची. पाणवठ्यावर, दुकानात, एसटीच्या थांब्यावर, कुणी विचारलेलं नसताना सुद्धा.

श्रावणात अश्लेषा पुन्हा घरी आली, पुढची तपासणी करायला. आबाजी ओसरीत होते, सारजा आत पीठ मळत होती. ओसरीतनं हाक आली, "सारजा!" ती चांगली दणदणीत होती, पण आत काही हालचाल झाली नाही. अश्लेषाला काळजी वाटली. आजींना आता कमी ऐकू येतंय की काय, हेही लिहून घ्यायला हवं, म्हणून ती आत डोकावली.

सारजा पिठाचे हात तसेच ठेवून, डोळे मिटून बसली होती. तिनं अश्लेषाकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. पीठ हनुवटीला लागलं.

"थांब की जरा," ती हळूच म्हणाली. "पयल्या हाकंला मी ओ देत न्हाय. लगीच दिली, तर दुसरी मारत न्हाईत."